प्रवाळांच्या संग्रहालयीन नोंदी वापरताना या चुका टाळा : ऑर्बिसेला अ‍ॅन्युलॅरिसचे उदाहरण

कॅरिबियन समुद्रातील प्रवाळभित्ती ज्या दगडी प्रवाळांनी उभारल्या, त्यांत ऑर्बिसेला अ‍ॅन्युलॅरिस आणि त्याच्या दोन जवळच्या प्रजाती यांचा वाटा फार मोठा आहे. अठराव्या शतकापासून या प्रवाळाचे तुकडे युरोप-अमेरिकेतील संग्रहालयांत जमा होत आले असून त्यांच्या नोंदी आता जीबिफ (जगभरातील सर्व जीवांच्या नोंदींचा संच) आणि ओबिस (सागरी जीवांच्या नोंदींचा संच) यांसारख्या खुल्या माहितीसंचांतून कोणालाही उतरवून घेता येतात. आपल्याकडचे विद्यार्थीही प्रजातींच्या प्रसाराचे नकाशे करण्यासाठी किंवा डेटा-विश्लेषणाच्या सरावासाठी या फाइली वापरतात. फाइल उघडली की प्रत्येक नमुन्याची एक ओळ दिसते आणि त्या ओळीत नाव, ठिकाण, तारीख, खोली व क्रमांक असे रकाने असतात. ही ओळ एका माणसाने एका बैठकीत लिहिली आहे असे वाचणारा नकळत धरून चालतो, आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. प्रत्यक्षात तुकडा समुद्रातून काढणारा एक असतो, त्याचे नाव ठरवणारा दुसरा, नोंदवहीत उतरवणारा तिसरा, कित्येक दशकांनी अक्षांश-रेखांश भरणारा चौथा, आणि त्या सगळ्यांनंतर एखादी संगणकप्रणाली नावही बदलून ठेवते. कोणता रकाना कोणी व केव्हा भरला हे विचारल्याशिवाय ती ओळ वापरू नये.

नाव 'अद्ययावत' करण्याची घाई

सर्वांत महागात पडणारी चूक नावाची असते, म्हणून तिच्याकडे जरा सविस्तर पाहू. जॉन एलिस आणि डॅनियल सोलँडर यांच्या १७८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या प्रवाळाचे वर्णन मॅड्रेपोरा अ‍ॅन्युलॅरिस या नावाने आले आणि त्याच ग्रंथात मॅड्रेपोरा फेव्हिओलाटा हे दुसरे नावही आले. १८४६ मध्ये जेम्स ड्वाइट डेना यांनी ऑर्बिसेला हा वंश मांडला. पुढे विसाव्या शतकात मॉन्टास्ट्रिया हे वंशनाम रूढ झाले आणि फेव्हिओलाटा वेगळी न मानता सगळे काही 'मॉन्टास्ट्रिया अ‍ॅन्युलॅरिस' या एकाच, उजेड आणि खोलीनुसार आकार बदलणाऱ्या प्रजातीत घालण्याची पद्धत पडली. खांबासारखी उभी वाढणारी वसाहत, मोठ्या ढिगासारखी पसरून कडेला झालर धरणारी वसाहत आणि ओबडधोबड उंचवट्यांची वसाहत या एकाच प्राण्याच्या तीन तऱ्हा आहेत, असे तेव्हाच्या बहुतेक अभ्यासकांचे मत होते.

१९९४ मध्ये अर्नेस्तो वाइल आणि नॅन्सी नोल्टन यांनी सांगाड्याची मापे, वसाहतीची ठेवण, वर्तन आणि प्रथिनांतील फरक असे अनेक पुरावे एकत्र करून या तीन तऱ्हा म्हणजे तीन प्रजाती असल्याचे मांडले. अ‍ॅन्युलॅरिस आणि फेव्हिओलाटा ही नावे १७८६ चीच होती, तर तिसरीसाठी १८९५ चे फ्रँक्सी हे नाव पुन्हा वापरात आले. त्यानंतर २०१२ मध्ये अ‍ॅन बड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या फेररचनेत या तिन्ही प्रजाती पुन्हा ऑर्बिसेला वंशात गेल्या आणि मॉन्टास्ट्रिया कॅव्हर्नोसा ही वेगळी प्रजाती मात्र मॉन्टास्ट्रियातच राहिली.

आता परिणाम पाहा. १९१० च्या सुमारास एखाद्या अभ्यासकाने चिठ्ठीवर लिहिलेले 'ऑर्बिसेला अ‍ॅन्युलॅरिस' आणि २०१५ मध्ये लिहिलेले 'ऑर्बिसेला अ‍ॅन्युलॅरिस' यांत अक्षराचाही फरक नाही, पण पहिल्याचा आवाका तिन्ही प्रजातींचा आहे आणि दुसऱ्याचा एकीचाच. मधल्या काळातले 'मॉन्टास्ट्रिया अ‍ॅन्युलॅरिस' तर अधिकच फसवे आहे, कारण १९९४ नंतरही अनेकांनी ते नाव जुन्या, व्यापक अर्थाने वापरले. नावे जुळवणारी प्रणाली हे काहीच पाहत नाही. ती जुने नाव सूचीत शोधते आणि त्यापुढे मान्य नाव लिहून मोकळी होते. नमुना पुन्हा कोणीही पाहिलेला नसतो, तरीही फाइलमध्ये तो आजच्या नेमक्या व्याख्येप्रमाणे ओळखला गेल्यासारखा दिसतो.

याचा त्रास यादीपुरता मर्यादित राहत नाही. या प्रवाळाच्या सांगाड्यातील वार्षिक थरांवरून जुन्या काळातील समुद्राच्या तापमानाचा अंदाज बांधला जातो, आणि वाढीचा वेग व ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाण या तऱ्हांमध्ये वेगवेगळे असल्याचे नोल्टन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्येच दाखवले होते. चुकीच्या प्रजातीचा हिशेब लावला तर तापमानाचा अंदाजही घसरतो.

उपाय असा की मूळ चिठ्ठीवरचे नाव, मान्य नाव आणि नाव ठरवल्याचे वर्ष असे तीन रकाने वेगळे ठेवावेत आणि पहिल्याला कधीही हात लावू नये. ओळख १९९४ पूर्वीची असेल किंवा तिचे वर्षच नसेल, तर विश्लेषणात तो नमुना 'ऑर्बिसेला अ‍ॅन्युलॅरिस समूह' या पातळीवर ठेवावा. जीबिफच्या फाइलमध्ये संग्रहालयाने दिलेले नाव आणि जीबिफने लावलेला अर्थ हे दोन्ही उपलब्ध असतात. साध्या, छोट्या फाइलमध्ये बहुतेक रकाने जीबिफने लावलेल्या अर्थाचे असतात, म्हणून डार्विन कोअर (जीवनोंदींच्या रकान्यांची ठरलेली मांडणी) पद्धतीची पूर्ण फाइल मागवण्याचा कंटाळा करू नये.

प्रत्येक नामांतराला इतके भ्यायचे कारण मात्र नाही. त्याच २०१२ च्या फेररचनेत फेविया हे वंशनाम अटलांटिकपुरते उरले आणि हिंद-प्रशांत महासागरातील फेविया डिप्सास्ट्रिया वंशात गेले. त्यामुळे मन्नारचे आखात किंवा लक्षद्वीप येथील जुन्या संग्रहांत 'फेविया पॅलिडा' म्हणून नोंदलेला नमुना आज 'डिप्सास्ट्रिया पॅलिडा' लिहिला, तर त्या ओळखीचा आवाका बदलत नाही, फक्त वंशाची पाटी बदलते. प्रजातीचे दुसऱ्या वंशात स्थलांतर आणि एका प्रजातीची अनेकांत विभागणी या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिलीत आपोआप बदल चालतो, दुसरीत चालत नाही. एखादे नाव कोणत्या प्रकारात मोडते हे सागरी प्रजातींच्या जागतिक सूचीतील टिपा वाचून ठरवावे लागते.

छोट्या तुकड्याकडून जास्त अपेक्षा

'मग छायाचित्र मागवून आपणच ओळखू' असे पुष्कळांना वाटते, आणि काही मर्यादेपर्यंत ते बरोबरही आहे. मुठीएवढ्या तुकड्यावर पॉलिपच्या (वसाहतीतील एकेका छोट्या प्राण्याच्या) वाट्या दिसतात, भिंगातून पाहिल्यास प्रत्येक वाटीच्या काठावरून मध्याकडे जाणारे पातळ उभे पडदे मोजता येतात. तीन आवर्तनांत मिळून २४ पडदे असतील आणि वाट्या लहान, दोन-तीन मिलिमीटरच्या आसपास असतील, तर आपण अ‍ॅन्युलॅरिस समूहात आहोत. चार आवर्तनांत ४८ पडदे आणि ठळक मोठ्या वाट्या असतील तर तो मॉन्टास्ट्रिया कॅव्हर्नोसा असण्याचा संभव मोठा, आणि जुन्या संग्रहांत ही अदलाबदल झालेली असू शकते. इतके काम चांगल्या छायाचित्रावरून होते, मात्र त्यात मोजपट्टी हवी आणि उजेड एका बाजूने तिरपा पडलेला हवा. समोरून झगझगीत प्रकाश टाकून काढलेल्या चित्रात पडद्यांच्या सावल्याच नाहीशा होतात.

समूहातील तीन प्रजाती वेगळ्या करायच्या असतील तर मात्र अडचण येते, कारण त्यांचा ठळक फरक संपूर्ण वसाहतीच्या ठेवणीत आहे आणि कपाटाच्या खणात मावावा म्हणून संग्राहकाने तोडून आणलेल्या तुकड्यात ती ठेवणच उरत नाही. तुकडा वसाहतीच्या वाढत्या कडेचा असेल तर झालरीची ठेवण दिसू शकते. खांबाच्या माथ्याचा असेल तर वरची बाजू ताजी आणि खालची, जिवंत ऊती आधीच मागे सरलेली बाजू झिजलेली, किड्या-शैवालांनी व्यापलेली दिसते. तुकडा मधलाच असेल तर समूहाच्या पातळीवर थांबणे हीच प्रामाणिक ओळख होय. अशा नमुन्याला प्रजातीचे नाव देण्याचा मोह अनुभवी अभ्यासकांनाही होतो, कारण 'समूह' लिहिलेली ओळ अपुरी वाटते.

खोली : एकक आणि वर्तुळ

जुन्या चिठ्ठ्यांवर खोली फॅदममध्ये असते. एक फॅदम म्हणजे सहा फूट, सुमारे १.८३ मीटर. '५' हा आकडा एककाशिवाय रकान्यात आला की तो ५ मीटर वाचला जातो, प्रत्यक्षात मात्र तुकडा ९ मीटरवरून आलेला असतो. फुटांत लिहिलेले ३० जर मीटर समजले गेले तर ९ मीटरवरचा प्रवाळ ३० मीटरवर जातो. संशय आला की चिठ्ठीचे छायाचित्र पाहावे. तेही नसेल तर त्याच संग्राहकाच्या त्याच मोहिमेतील इतर नमुन्यांच्या नोंदी शोधाव्यात, कारण एखाद्या मोहिमेत एकक सहसा बदलत नाही. शेवटच्या आकड्यांवरूनही अंदाज येतो. ९.१४, १८.२९, ३६.५८ असे नेमके दिसणारे आकडे म्हणजे कोणीतरी फॅदममधून किंवा फुटांतून केलेले रूपांतर होय, आणि त्यांतील दोन दशांश स्थळे ही मोजणीची अचूकता समजू नये. जाळे किंवा ड्रेज (तळ खरवडणारे साधन) ओढून मिळवलेल्या नमुन्यांबाबत आणखी एक सावधगिरी हवी, कारण भित्तीच्या वरच्या भागातून तुटून उतारावरून घरंगळलेला तुकडाही त्यात अडकतो आणि त्याच्या नावे खालची खोली लागते.

एककाची चूक निदान पकडता येते. त्याहून वाईट चूक तर्काची आहे. या समूहात अ‍ॅन्युलॅरिस उथळ पाण्यात अधिक आढळते आणि फ्रँक्सी तुलनेने खोल पाण्यात, मात्र त्यांच्या पट्ट्यांत मोठी सरमिसळ आहे. हे माहीत असलेला अभ्यासक संदिग्ध तुकड्याच्या चिठ्ठीवरची खोली पाहतो आणि 'खोल आहे, म्हणजे फ्रँक्सी' असे ठरवतो. काही वर्षांनी दुसरा कोणी त्याच नोंदी गोळा करून आलेख काढतो आणि फ्रँक्सी खोल पाण्यातच राहते असा निष्कर्ष छापतो. ज्या खोलीवरून नाव दिले, त्याच खोलीचा पुरावा म्हणून ते नाव पुन्हा वापरले गेले. असा आलेख कितीही सुबक आला तरी त्यातून नवे काहीच कळत नाही. म्हणून नाव कोणत्या आधाराने ठरवले याची टीप नोंदीत आहे का ते पाहावे, आणि नसेल तर खोलीविषयीच्या अभ्यासातून अशा नोंदी बाजूला ठेवाव्यात. नमुन्यांची संख्या कमी होईल. होऊ द्यावी.

जमैकाचा प्रवाळ उदगीरजवळ

जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावरील डिस्कव्हरी बे हे प्रवाळ-अभ्यासाचे जुने केंद्र आहे. ते साधारण १८ अंश २८ मिनिटे उत्तर अक्षांशावर आणि ७७ अंश २४ मिनिटे पश्चिम रेखांशावर येते. दशांशात लिहिताना पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह लागते, म्हणजे १८.४७ आणि उणे ७७.४०. ते चिन्ह गळाले की बिंदू सरळ मराठवाड्यात येऊन पडतो, उदगीर आणि देगलूर यांच्या दरम्यान. ही चूक हास्यास्पद असल्यामुळेच निरुपद्रवी ठरते, कारण बेसाल्टच्या पठारावर प्रवाळ पाहून कोणीही थांबेल. जीबिफही देशाचे नाव आणि बिंदू जुळत नसल्यास संशयाची खूण लावते. मात्र त्यासाठी देशाचा रकाना भरलेला असावा लागतो.

त्याहून घातक असतात त्या लहान चुका. अंश-मिनिटांतले २८ हे दशांश समजून १८.२८ आणि उणे ७७.२४ असे लिहिले तर बिंदू उत्तर-दक्षिण सुमारे २१ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे १७ किलोमीटर सरकतो. देश बरोबर, समुद्रही जवळ, पण प्रवाळ जमैकाच्या आतल्या डोंगराळ भागात. अशी चूक ओळखण्याचा एक सोपा मार्ग आहे. एखाद्या संचातील सर्व नोंदींच्या दशांश भागात ६० च्या वरचे आकडे कधीच दिसत नसतील, तर ती मिनिटे आहेत असे खुशाल समजावे.

गावांच्या नावांचा गोंधळ याहून वाईट, कारण तो नकाशावर शोभून दिसतो. 'टॉर्टुगस' असे चिठ्ठीवर असेल तर ते बहुधा फ्लोरिडातील ड्राय टॉर्टुगस असते. तिथे कार्नेगी संस्थेची सागरी प्रयोगशाळा १९३९ पर्यंत होती आणि टॉमस वेलँड व्हॉन यांनी प्रवाळांच्या वाढीचे प्रसिद्ध प्रयोग तिथेच केले. पण टॉर्टुगा नावाचे एक बेट हैतीच्या उत्तरेला आहे आणि ला टॉर्टुगा नावाचे दुसरे व्हेनेझुएलासमोर. तिन्ही ठिकाणी हा प्रवाळ वाढू शकतो, त्यामुळे ठिकाणांच्या सूचीतून पहिले जुळणारे नाव उचलणाऱ्या प्रणालीची चूक कोणत्याही साध्या तपासणीत सापडत नाही. अशा वेळी संग्राहक कोण आणि त्या वर्षी तो कुठे होता हे शोधणे हाच मार्ग उरतो.

काही चिठ्ठ्यांवर नुसते 'जमैका' किंवा 'वेस्ट इंडीज' एवढेच असते. जमैका हे सुमारे २३५ किलोमीटर लांबीचे बेट आहे. त्याच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश भरून अनिश्चिततेचा रकाना कोरा ठेवला, तर वाचणाऱ्याला ती जागा काही मीटरपर्यंत अचूक वाटते. तिथे अनिश्चितता १२० किलोमीटरच्या घरात लिहायला हवी. 'वेस्ट इंडीज'साठी तर बिंदू देऊच नये. याच्या उलट, जमिनीवर पडलेले सर्व बिंदू सरसकट काढून टाकणारी चाळणीही धोक्याची आहे, कारण ढोबळ किनारारेषेच्या नकाशावर लहान बेटांलगतच्या भित्तींवरील अगदी खऱ्या नोंदीसुद्धा जमिनीवर दिसतात.

तारखांचे प्रकार

एका नमुन्याला संकलनाची, संग्रहालयात दाखल झाल्याची, नोंदवहीत चढवल्याची आणि ओळख पटवल्याची अशा चार तारखा असू शकतात. एखाद्या खासगी संग्राहकाच्या मृत्यूनंतर त्याचा संग्रह देणगी म्हणून आला तर पहिली आणि दुसरी तारीख यांत अर्ध्या शतकाचे अंतर पडते. एकाच दिवशी, एकाच माणसाच्या नावे, दूरदूरच्या बेटांवरून शेकडो नमुने 'गोळा' झालेले दिसले, तर ती दाखल तारीख आहे हे ओळखावे. १ जानेवारी ही तारीख वारंवार दिसली, तर फक्त वर्ष माहीत असताना प्रणालीने दिवस-महिना स्वतः भरला आहे. अमेरिकन चिठ्ठीवरील ८/४/१९१२ म्हणजे ४ ऑगस्ट, आपल्या सवयीप्रमाणे ८ एप्रिल नव्हे. एक्सेलमध्ये फाइल थेट उघडण्याचेही टाळावे: १९०० पूर्वीच्या तारखा ते तारखा म्हणून ओळखत नाही, त्यानंतरच्या तारखांचे रूप आपल्या संगणकाच्या मांडणीप्रमाणे बदलते आणि नमुना-क्रमांकांच्या सुरुवातीची शून्ये गिळून टाकते.

नवशिक्यांची एक खास चूक म्हणजे शास्त्रीय नावामागचे वर्ष संकलनाचे समजणे. ते वर्ष नाव प्रसिद्ध झाल्याचे असते. एलिस १७७६ मध्ये आणि सोलँडर १७८२ मध्ये वारले. त्यांच्या नावे असलेला १७८६ चा ग्रंथ दोघांनीही पाहिला नाही, मग त्यातील प्रवाळ त्या वर्षी कोणी काढले असणार? आपल्याकडे आढळणाऱ्या डिप्सास्ट्रिया फेवसच्या नावामागे फोर्स्कॉल, १७७५ असे लागते. पीटर फोर्स्कॉल तांबड्या समुद्रातील प्राण्यांचा अभ्यास करून १७६३ मध्ये येमेनमध्येच मरण पावला. त्याचे लेखन छापून आणणारा त्याचा सहप्रवासी कार्स्टन निबुहर त्याच वर्षी जहाजाने मुंबईला पोहोचला होता. त्या डॅनिश मोहिमेतून जिवंत परतलेला तो एकटाच.

जिवंत होता का?

दगडी प्रवाळाचा सांगाडा अ‍ॅरागोनाइट या चुन्याच्या खनिजाचा असतो आणि प्राणी मेल्यावरही तो टिकतो. त्यामुळे संकलनाच्या दिवशी तो प्रवाळ जिवंत होता असे नोंदीवरून सिद्ध होत नाही. किनाऱ्यावर लाटांनी टाकलेला तुकडाही तितक्याच ऐटीत कपाटात बसलेला असतो. पडद्यांच्या कडा तीक्ष्ण आणि वाट्या स्वच्छ असतील तर नमुना जिवंत घेतला असण्याची शक्यता अधिक. वाट्यांच्या आतपर्यंत नळीकृमींची घरे किंवा चुनखडी शैवालाचा थर असेल, अथवा सगळा पृष्ठभाग गुळगुळीत झिजलेला असेल, तर तो मेलेला उचलला आहे. प्रसाराच्या नकाशात अशा नोंदींना वेगळी खूण द्यावी.

या प्रवाळाच्या बाबतीत जीवाश्मांचा प्रश्न विशेष गंभीर आहे. फ्लोरिडातील की लार्गो चुनखडक ही सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वीची प्रवाळभित्ती आहे आणि तिच्या बांधणीत अ‍ॅन्युलॅरिस समूहाचा वाटा मोठा आहे. बार्बेडोस बेटावर तर उचलल्या गेलेल्या जुन्या भित्तींचे टप्पेच्या टप्पे आहेत. 'की लार्गो, फ्लोरिडा' एवढीच चिठ्ठी असलेला तुकडा आजच्या समुद्रातला की खाणीतल्या खडकातला, हे नावावरून कळत नाही, आणि नोंदीचा प्रकार सांगणाऱ्या रकान्यात जीवाश्म न लिहिता 'जतन केलेला नमुना' असे लिहिले गेले असेल तर वाचणाऱ्याला काहीच सुगावा लागत नाही. भर म्हणजे ऑर्बिसेला नॅन्सी ही ऑर्गनच्या नळ्यांसारख्या सडपातळ खांबांची प्रजाती प्लाइस्टोसीन या हिमयुगांच्या काळाच्या उत्तरार्धात नामशेष झाली आणि तिचे वर्णन २००७ मध्ये झाले. तोवर तिचे नमुनेही अ‍ॅन्युलॅरिस म्हणूनच गणले जात. खोलीचा रकाना रिकामा असणे आणि ठिकाणाच्या वर्णनात खाण, रस्त्याचे खोदकाम किंवा टप्पा असे शब्द असणे ही जीवाश्माची चांगली लक्षणे आहेत. पावसाच्या पाण्याने जुन्या सांगाड्यातील अ‍ॅरागोनाइटचे कॅल्साइट हे दुसरे चुन्याचे खनिज होते, आणि फायगलच्या द्रावणाने अ‍ॅरागोनाइट काळे पडते, कॅल्साइट लगेच पडत नाही, हा फरक प्रयोगशाळेत तपासता येतो. पण असला रासायनिक प्रयोग संग्रह सांभाळणाऱ्या अभिरक्षकाच्या परवानगीशिवाय कोणत्याही नमुन्यावर करू नये.

मोजणी

नोंदींची संख्या म्हणजे प्रवाळांची संख्या नव्हे, हे सांगावे लागू नये, पण सांगावे लागते. एकाच वसाहतीचे तुकडे करून ते अनेक संग्रहालयांना देण्याची पद्धत होती. आता सुका सांगाडा एका क्रमांकाने आणि त्याच वसाहतीची मद्यार्कातील ऊती दुसऱ्या क्रमांकाने नोंदली जाते. शिवाय तोच नमुना जीबिफ आणि ओबिस या दोन्ही संचांत असतो. संस्था, संग्रह आणि क्रमांक हे तिन्ही मिळून एकसारखे असतील तर ती पुनरावृत्ती. क्रमांक वेगळे पण संग्राहक, दिवस आणि ठिकाण एकच असेल तर वसाहतही एकच असू शकते, म्हणून अशा नोंदी विश्लेषणात एकत्र धराव्यात.

याहून मोठा फसवा निष्कर्ष असा काढला जातो की १९९० नंतर नोंदी विरळ झाल्या, म्हणजे प्रवाळ नाहीसे झाले. कॅरिबियनमधील या प्रवाळांची खरोखरच मोठी हानी झाली आहे आणि अमेरिकेने २०१४ मध्ये या समूहातील तिन्ही प्रजातींना संकटग्रस्तांच्या यादीत घातले. तरीही त्या हानीचा पुरावा संग्रहालयाच्या नोंदवहीत शोधणे चूक आहे. १९९० पासून सर्व दगडी प्रवाळ वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे नमुना देशाबाहेर न्यायला परवाना लागतो. शिवाय प्रत्यक्ष तुकडा तोडण्याऐवजी पाण्याखालील छायाचित्र आणि नखाएवढी ऊती घेण्याकडे कल वाढला. भारतात २००१ पासून सर्व दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे मालवणच्या किनाऱ्यावरून आठवण म्हणून तुकडा उचलून आणणे हाही गुन्हा ठरू शकतो. नोंदी कमी होण्याची ही कारणे समुद्रातील नाहीत, कार्यालयातील आहेत. वसाहतींच्या आकाराचेही तसेच आहे. या समूहातील प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि जुन्या वसाहती माणसाहून उंच होतात, पण संग्रहात असतात ते खणात मावणारे तुकडे. त्यांवरून सरासरी आकार काढणाऱ्याला खणांची मापे तेवढी कळतील.

'टाइप' नमुना कोणाचा?

प्रजातीचे नाव ज्या नमुन्याला बांधलेले असते तो टाइप नमुना. तो ज्या नावासाठी निवडला त्याच नावाचा टाइप राहतो. ते नाव पुढे समानार्थी ठरून दुसऱ्या नावात विलीन झाले तरी तो त्या दुसऱ्या नावाचा टाइप होत नाही. नावे आपोआप बदलणाऱ्या फाइलमध्ये मात्र 'टाइप' हा शिक्का जागेवर राहतो आणि शेजारचे नाव बदलते, मग एकाच प्रजातीचे तीन-चार टाइप नमुने असल्याचा आभास होतो. अठराव्या शतकातील लेखकांनी आजच्यासारखा एकच टाइप नेमलेला नसे. एलिस आणि सोलँडर यांनी अभ्यासलेल्या प्रवाळांपैकी अनेक नमुने ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयात आहेत, पण त्यांतील अमुक तुकडाच अमुक नावाचा आधार आहे हे ठरवायला मूळ चित्र आणि वर्णन शेजारी ठेवून पाहावे लागते.

चूक सापडल्यावर

आपल्या फाइलमध्ये मूळ मूल्य खोडू नये. दुरुस्त मूल्यासाठी वेगळा रकाना करावा आणि त्याशेजारी कारण, आपले नाव व तारीख लिहावी. दुरुस्ती आपल्या संगणकात पडून राहिली तर पुढचा वापरकर्ता पुन्हा तिथेच अडखळतो, म्हणून ती संग्रहालयाला कळवावी. जीबिफच्या पानावरही प्रतिसादाची सोय असते, पण मूळ नोंद बदलण्याचा अधिकार संग्रहालयाचाच आहे. पत्रात नमुना-क्रमांक, कोणता रकाना, आत्ता काय आहे, काय असावे आणि कशावरून, एवढे पाच मुद्दे असले की अभिरक्षकाचे काम हलके होते. 'तुमच्या डेटात खूप चुका आहेत' अशा पत्राला उत्तर येत नाही आणि त्यात नवल नाही. नावाविषयी सूचना असेल तर जुनी चिठ्ठी काढून टाकण्याची विनंती करू नये. चांगल्या संग्रहालयात नवी ओळख वेगळ्या चिठ्ठीवर, ओळखणाऱ्याच्या नावासह आणि वर्षासह लिहून जुन्या चिठ्ठीच्या मागे त्याच पेटीत ठेवतात, आणि संगणकातील नोंदीतही दोन्ही ओळखी क्रमाने राहतात.